कुलपातली तारीख

कुलूप मी घातलं. तारीखही मीच घातली. आधीच सांगतो, नाहीतर पुढे कोणी म्हणेल लपवलं.

आमच्या तोंडवलीत अकरा घरं पाहुणे ठेवतात. दोन खोल्या, मासे, भाकरी, आणि होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत एक फेरी. या अकरा घरांची वेबसाइट मी बनवली. कोर्स वगैरे काही नाही. मालवणच्या सायबर कॅफेत बसायचो, फुकटची एक थीम उतरवून घेतली, मोडत-जोडत शिकलो. प्रत्येक घराला एक पान, एक पासवर्ड. फोटो बदला, जेवण बदला, काय हवं ते बदला.

बदललं त्यांनी.

२००९च्या जूनअखेरीला तुकारामकाकांच्या पानावर आलं, 'होडी बारमाही'. काकांनी लिहिलेलं नव्हतं, त्यांना माउस धरता येत नाही. लिहिलं रविराजने. तो या अकरा घरांच्या मंडळाचा अध्यक्ष, सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या डायरीत. पावसातही पाहुणे यावेत म्हणून. आले की. पानाचा छापलेला कागद घेऊन काकांच्या दारात उभे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी होडी पाण्यात घालत नाही. पण काकांचं असं आहे, त्यांच्या नावाने शब्द गेला की तो पाळायचा, मग दिलेला कोणी का असेना. गेले. खाडीच्या तोंडाशी लाट आडवी आली आणि होडी उलटली. पाहुण्यांच्या अंगात लाइफ जॅकेटं होती, ते वाचले. काकांना किनाऱ्यावरच्या माणसांनी दोर टाकून ओढलं. उजवा खांदा तेव्हापासून वर जात नाही.

आठ दिवसांनी पार्वतीकाकी, त्यांची बायको, माझ्या घरी आली.

"निकेता रे, ता पान कोणाक बदलूक गावाचा नाय, असा करूक येता?"

"येता."

"मगे कर. पावणे काय, परत गावतत. माका घोव होयो."

मी थीममध्ये प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक चौकोन बसवला. 'पावसात होडी बंद. होडी ५ ऑगस्टपासून.' त्या वर्षी नारळी पौर्णिमा पाच ऑगस्टला होती. चौकोन लॉक केला, म्हणजे 'बदला' हे बटण लपवलं फक्त. चार दिवसांत चौकोन गायब. रविराजने कुडाळचा एक कॉम्प्युटरवाला धरला होता. तो बटणाच्या भानगडीत पडलाच नाही, मागच्या वाटेने शिरून पुसून गेला. राग आला मला. लाजही वाटली. मग तीन दिवस बसून सर्व्हरवरच तपासणी लावली. आता कोणी कुठूनही काहीही पाठवो, चौकोनात ते शिरत नाही. चावी माझ्या एकट्याकडे.

रविराजचा फोन.

"घर माजा नि कुलूप तुजा काय रे?"

"होय दादा."

"मंडळाचो अध्यक्ष कोण?"

"तुमी."

"मगे उघड."

"उघडूचंय नाय."

"तुका इंजिनियर कोण म्हणता रे?"

"कोणच म्हणणत नाय. तरी तुमच्या कुडाळवाल्याक उघडूक येवक नाय."

फोन आपटला त्याने. वर्षभर बोलला नाही. मस्त गेलं वर्ष.

या सात ऑगस्टला सकाळी काकीचा निरोप, धावत ये. गेलो. अंगणात सांगलीची सहा माणसं, हातात छापलेला कागद. काका डाव्या हाताने होडीवरची माडाच्या पानांची झापं काढतायत. आणि रविराज खुर्ची टाकून बसलेला, एकदम खूश.

"ये, वाच. ह्या मी लिवूक नाय. तुज्या कुलपातला आसा."

वाचलं. 'होडी ५ ऑगस्टपासून.'

"आज सात," रविराज म्हणाला.

काकी माझ्याकडे बघत होती. "यंदा अधिक महिनो होतो रे. पुनव चोवीसाक आसा. पंचांग बघूक नाय तू?"

नव्हतं बघितलं. गेल्या वर्षी तारीख हाताने टाकली, कुलूप लावलं, विसरलो. अकरा घरांत कोणाला चूक दिसली असती तरी सुधारता आली नसती. ती वाट मीच बुजवलेली.

"काका, खंय जातास?"

"छापलेला आसा, बाबा. लोक लांबसून इलेत."

"ता मी चुकीचा लिवलंय."

"माज्या नावार आसा ना?"

झाप ओढतच होते. मी पाहुण्यांकडे वळलो, ऑफिसातली मराठी काढली. "हे मी लिहिलंय. चुकलंय. दर्या अजून बंद आहे, होडी जाणार नाही."

"मग यांनी हो कसं म्हटलं?"

"ते कोणालाही हो म्हणतात. गेल्या वर्षी म्हटलं आणि इथेच बुडत होते. खांदा बघा त्यांचा."

काका भडकले. "माजो खांदो लोकांका कित्याक दाखयतस रे?"

"मगे तूच वर करून दाखय," काकी म्हणाली.

काकांनी केला नाही. पाहुण्यांतल्या बाईंनी ते बघितलं. "आम्हाला नकोच होडी. जेवण मिळेल ना?"

"जेवण गावतला," म्हणून काकी चुलीकडे गेली.

आता रविराज उठला. शेजारची घरं जमली होती, त्यांना ऐकू जाईल असं बोलला. "बघलात? कुलूप घालणारोच चुकता. आता तरी सगळ्यांका उघडून दी."

दोघातिघांनी माना हलवल्या. त्यांचंही खोटं नव्हतं.

"चुकलंय," मी म्हणालो. "सुधारतलंय पण मीच. तुमका उघडून दिलंय तर उद्या परत बारमाही."

"नि फुडल्या वर्षी परत चुकलंस तर?"

तिथेच सुचलं ते बोललो. "चौकोनात तारीखच नाय रवाची. नुसता 'होडी बंद'. काकी नारळ घेवन दर्यार जायत, माका सांगात, तेवाच मी उघडी लिवतलंय. नाय सांगल्यान तर बंदच."

"म्हणजे पार्वती अध्यक्ष?"

"होडीपुरती," आतून काकीचा आवाज आला.

"मंडळ दुसरी साइट काढतला."

"काढा. काकांचा नाव तेच्यार घालू नकात."

दुपारच्या एसटीने मालवणला गेलो आणि पाच ऑगस्ट खोडली. रविराजने खरंच दुसरी साइट काढायला घेतलीय. चार घरं तिकडे चालली. जाऊ देत. काका तिकडे गेले नाहीत, पण माझ्यावर जास्त तेच चिडलेत. काल वाटेत धरलं मला. "पान माजा, नाव माजा, नि माज्या वतीन बोलणार तू?"

"होय," म्हटलं.

तोंड फिरवून गेले. आज अकरा ऑगस्ट, समुद्र गढूळ आहे. होडी झापांखाली आहे. अजून तेरा दिवस शिव्या खाईन. उघडणार नाही.