घरची काडतुसं

ओरिनने चमचाभर बंदुकीची दारू वजनकाट्याच्या पारड्यात सोडली आणि तिच्यातली निम्मी टेबलावर सांडली. त्याने हात पँटला पुसला, जणू दोष बोटांना लागलेल्या तेलाचा होता, आणि पुन्हा चमचाभर घेतली. तीही सांडली.

"ठेवा, बाबा," मारित म्हणाली. "मी भरते."

"आणि ती काडतुसं मारणार कोण?"

"तुम्हीच."

ओरिनने चमचा ठेवला, पण हो म्हटलं नाही. मोंटानातल्या त्या खोऱ्यात ज्याने त्याने आपल्याच हातचं काडतूस मारावं, असा रिवाज. दारू चुकली तर रायफल तोंडावरच फुटते. मागच्याच आठवड्यात शेजारचा व्हर्नन स्वतः भरलेली डबीभर काडतुसं घेऊन आला, तर ओरिनने ती तशीच परत केली.

"तुझ्या हातचं जेवेन, व्हर्नन. काडतूस नाही मारणार."

व्हर्नन हसला. त्यानेही हेच सांगितलं असतं.

सगळा उन्हाळा बापलेकींचं रायफलीवरून वाजलं होतं. खांद्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरने ओरिनच्या पंचेचाळीस-सत्तर रायफलीवर बंदी घातली. तिचा धक्का म्हणजे खेचराची लाथ. मारितने आईची हलकी तीस-तीस रायफल कपाटातून काढली. तीही तशीच, खालचा लिव्हर ओढून काडतूस चढवायची, पण खांद्याला सोसेल अशी.

"ही सशांची रायफल," ओरिन म्हणाला होता.

"आईने हिनेच एल्कसारखी मोठाली हरणं पाडलीत."

"तुझी आई जवळ जायची."

"मग तुम्हीही जा जवळ. आणि ती तुमच्या हातची काडतुसं मारायचीच की."

"ती गोष्ट वेगळी."

दुकानात तीस-तीसची काडतुसं उन्हाळ्यापासून आली नव्हती. शनिवारी शिकारीचा हंगाम खुला होणार होता. एकदा घरी बसलेला म्हातारा पुढच्या वर्षी डोंगर चढत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दुपारी मारित एकटीच टेबलाशी काडतुसं भरायला बसली. ओरिन घोड्यांकडे निघून गेला आणि गरज नसताना कुंपणाचे खांब ठोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीखालच्या फुलांच्या वाफ्याशी थबकला. मातीवर करडे दाणे पसरले होते. शंका आली ती दारू खत म्हणून वाफ्यातच टाकायची, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पण ही चिमूटभर नव्हती.

"एवढी का टाकलीस?" त्याने स्वयंपाकघरात येऊन विचारलं.

मारित कॉफी ओतत होती. "व्हर्ननने हॉर्न दिला म्हणून उठले. परत आले तर टेबलावर दारूचे दोन डबे. तुमच्या जुन्या रायफलीच्या दारूचा आत ठेवायचा राहिला होता. कुठल्यातली वापरली, ते आठवेना. म्हणजे, आठवत होतं. पण शपथेवर सांगता आलं नसतं."

"किती भरून झाली होती?"

"सगळी. सगळी उकलली. टेबल पुसून पुन्हा भरली."

ओरिनने तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. एकेक गोळी ओढून काढताना त्यावर फोड आला होता. त्याला लेकीचा अभिमान वाटला. त्याने कॉफीचा कप घेतला आणि त्याच्या हातून नेहमीसारखी थोडी सांडली.

शनिवारी उजाडताना पायवाटेच्या तोंडाशी व्हर्ननचा ट्रक आधीच उभा होता.

"आलास म्हणजे! मला वाटलं, यंदा चुलीपाशी बसणार," व्हर्नन म्हणाला. "काडतुसं कुठून पैदा केलीस?"

ओरिन एकेक काडतूस रायफलीत सरकवत होता. प्रत्येकाच्या गोळीच्या नाकावरून अंगठा फिरवून ते चपटं असल्याची खात्री करत होता. आतल्या नळीत एकाचं नाक पुढच्याच्या बुडातल्या टोपीला टेकतं, आणि टोकदार नाक टोपी पेटवून घात करतं. सगळी चपटी होती. त्याची बोटं थरथरत होती, तरी एकही काडतूस खाली पडलं नाही.

"घरचीच आहेत," तो म्हणाला.

व्हर्ननने त्या बोटांकडे पाहिलं, मग मारितकडे पाहिलं आणि मान डोलावली. मारित खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागली. त्या आधीच बांधलेल्या होत्या.

ओरिनने रायफल खांद्याला अडकवली.

"चल," तो तिला म्हणाला. "जवळ जायला लागणार आहे."