मंत्र्याच्या बापाचा बैल

मंत्री येणार म्हटल्यावर एक बैल कापावा लागणार, एवढं गावसभेत पाच मिनिटांत ठरलं. कुणाचा कापायचा, यात दुपार झाली.

मंत्री येणार होता नळ उघडायला. आमचं हा-त्लाली गाव धरणाच्या डोक्यावर बसलंय. दारातून खाली बघितलं की पाणीच पाणी, पण ते आमचं नाही. ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून शेजारच्या देशात जातं. आमच्या देशाचं काम एकदम सरळ आहे. पाणी आणि माणसं तिकडे पाठवायची, तिकडून पीठ आणि साखर आणायची, आणि मधल्या वेळात राजधानीत सरकार पाडायचं. नळ कबूल करणारं हे तिसरं सरकार. तो खरंच आणून रोवणारं पहिलं.

सभेत मोरेना खुर्चीवर बसली होती. मोरेना म्हणजे गावची प्रमुख. खरा प्रमुख तिचा मुलगा, पण तो आठ वर्षांचा आहे आणि राजधानीत शाळेत आहे, म्हणून तो मोठा होईपर्यंत खुर्ची त्याची आई, म्मे माखोत्सो, सांभाळते. आमच्याकडे मानाने बाईला म्मे म्हणायचं आणि बाप्याला नताते. मांडीवर तिची काळी पर्स, पर्समध्ये गावाचा शिक्का. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिने पर्स कुणाकडे दिली नव्हती.

तिचा कारकून नताते पुलुमो एकेकाला उभं करून विचारायला लागला, तुझ्याकडे किती जनावरं. पहिला म्हातारा उठला, ब्लँकेट खांद्यावर नीट केलं आणि म्हणाला, सात आहेत, पण माफिसाची आहेत. झालं. माफिसा म्हणजे दुसऱ्याचं जनावर आपल्या गोठ्यात ठेवायचं. दूध आपलं, नांगर आपला, शेण आपलं, जनावर मात्र त्याचं. मालकाला विचारल्याशिवाय त्याच्या अंगावर सुरी धरता येत नाही. त्यानंतर जो उठला त्याची माफिसाचीच. एकाची मेव्हण्याची, एकाची मिशनमधल्या पाद्र्याची, एकाची तालुक्याच्या फौजदाराची. मालक जेवढा मोठा तेवढं पुलुमो कमी विचारायचा, हे पुढच्यांच्या लक्षात आलं, म्हणून मालक मोठे होत गेले. शेवटी मोरेनाच्या स्वतःच्या बावीस जनावरांची पाळी आली. ती म्हणाली, ती माझ्या मुलाची आहेत, आणि तो अज्ञान आहे, त्याची परवानगी कशी घेणार.

म्हणजे गावात एकसष्ट जनावरं, आणि मालक एकही नाही.

मग माझी आई उठली. "दोन बैल आहेत," ती म्हणाली. "आमचे आहेत."

मी तिला चिमटा काढला होता, पण उशीर झाला. आई खोटं बोलत नाही. तिच्या या खोडीपायी आम्ही आजवर बरंच भोगलंय. पुलुमोचा चेहरा लगेच उजळला. दोघांतला काळा-पांढरा, फात्स्वा, जास्त अंगाचा आहे, तोच घेऊ, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. लोक माना हलवायला लागले. ज्यांची जनावरं पाद्र्याची होती ते सगळ्यात जोरात.

एका बैलावर नांगर चालत नाही. बाबा तिकडे खाणीत, नाताळशिवाय येत नाहीत. नांगरणी दहा दिवसांवर आलेली. फात्स्वा गेला की शेत पडणार, आणि शेत पडलं की पुढचं वर्षभर लोकांच्या दारात पिठासाठी भांडं घेऊन उभं राहायचं. आई हे सगळं जाणून तिथे उभी होती आणि एक शब्द बोलत नव्हती. माझं डोकं फिरलं.

"नताते, तो पण माफिसाचाच आहे," मी उठून म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. लिसेबो पोरगी असून गोठ्यात शिरते, आता सभेत पण शिरली, असं काहीतरी. पुलुमोने विचारलं, कुणाचा? मी आजूबाजूला बघितलं. मेव्हणे संपले होते, पाद्री संपला होता, फौजदार संपला होता. मला असा मालक पाहिजे होता की ज्याच्या वर कुणी नाही.

"मंत्र्याच्या बापाचा," मी म्हणाले. माझे आजोबा आणि ते एकाच खाणीत होते, त्यांनी आजोबांना एक गाय ठेवायला दिली होती, हा त्या गायीचा नातू. मी बोलत गेले तसं मलाच ते खरं वाटायला लागलं. आईने ब्लँकेटचा काठ तोंडावर ओढला. ती खोटं बोलत नाही, पण गप्प बसू शकते.

मोरेनाने बराच वेळ पर्स कुरवाळली. पाहुण्याचाच बैल कापून पाहुण्याला वाढायचा, हे तिलाही बरं दिसेना. शेवटी कोंबड्या ठरल्या. कोंबडी माफिसाची असते हे अजून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

गुरुवारी मंत्री आला. नताते मोफोका. पांढरी गाडी, चकाकणारे बूट, गळ्यात पक्षाच्या रंगाचा मफलर. त्याने भाषण केलं की पाणी हे आमचं पांढरं सोनं आहे. मग नळ फिरवला आणि पाणी आलं. येणारच होतं, सकाळीच टँकर येऊन वरची टाकी भरून गेला होता. बायकांनी तोंडाला हात लावून आनंदाची आरोळी दिली, मोरेनाने तशी ताकीदच दिली होती.

जेवताना पुलुमोच्या जिभेला खाज सुटली. मंत्र्याच्या ताटात कोंबडीची तंगडी टाकता टाकता त्याने सांगून टाकलं की तुमच्या वडिलांनी ठेवायला दिलेल्या गायीचा नातू, एक बैल, या गावात आहे. मला तिथल्या तिथे त्याचा गळा धरावासा वाटला.

मंत्री चावायचा थांबला. दोनशे माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने घास गिळला आणि डोळे पुसले. म्हणाला, वडील जाईपर्यंत त्यांच्या तोंडी त्या गायीचं नाव होतं.

मग त्याला बैल बघायचा होता. अख्खं गाव आमच्या गोठ्यापर्यंत आलं. तो बुटांसकट आत शिरला आणि फात्स्वाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. तेव्हा आई त्या विषयावर पहिल्यांदा बोलली. "नताते, कानाची खूण कोणती होती?" मालकाला हे विचारायचंच असतं, तशी रीत आहे.

"डावा कान, टोकाला चिरलेला," मंत्री म्हणाला. डावा कान त्याच्या नाकापासून वीतभर होता.

मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. हा खोटं बोलतोय हे शेंबड्या पोराला कळत होतं. पण एकाने तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याने पाद्र्याचं विचारलं असतं, तिसऱ्याने फौजदाराचं. म्हणून सगळे आदराने उभे राहिले.

मंत्री म्हणाला की पुढच्या महिन्यात वडिलांच्या थडग्यावर दगड बसवायचाय, त्या जेवणाला हाच बैल पाहिजे, वडिलांच्या आत्म्याला बरं वाटेल. ट्रक उद्या पाठवतो. मोरेनाने फक्त जनावर हलवायची चिठ्ठी द्यावी. मोरेनाने पर्स उघडली. पुलुमोने वाकून पाठ पुढे केली, तिने त्यावर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली. मग शिक्का काढला आणि त्यावर फुंकर मारली.  हे खोटं मीच सांगितलं होतं, आणि आता ते परत घ्यायची पण सोय नव्हती.

तेवढ्यात मंत्र्याचा ड्रायव्हर पळत आला. तो गाडीत रेडिओ ऐकत बसला होता. त्याला कानात सांगायचं होतं, पण त्याला धाप लागली होती, म्हणून ते सगळ्यांनीच ऐकलं.

"नताते, सरकार पडलं."

मोरेनाचा हात तसाच वर राहिला. मग तिने शिक्का पर्समध्ये ठेवला आणि पर्सची कडी लावली. त्याचा टक् असा आवाज आला. "चिठ्ठीसाठी आधी तुमच्या गावच्या मोरेनाचं पत्र लागतं, नताते," ती म्हणाली. "नियम आहे."

पाच मिनिटांनी ड्रायव्हरला गाडीतल्या वायरलेसवर खात्याचा निरोप आला, गाडी परत आण. तो बिचारा खूप लाजून म्हणाला, गाडी मंत्र्याची आहे नताते, तुमची नाही. आणि गेला. गावातून मिनीबस एक दिवसाआड सुटते, आणि त्या दिवसाची सकाळीच गेली होती. हा आता राहणार कुठे? मोरेनाने जराही विचार न करता आमच्याकडे बोट दाखवलं. ज्याचं जनावर आपण पाळतो त्याला आपण जेवू घालायचं असतं.

सकाळी आम्ही नांगर काढला. आईने नांगरणीची वेळ येईपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं होतं, बैल आहे तोवर शेत उरकायचं. एरवी मी पुढे दोर धरते आणि ती मागे नांगर दाबते. त्या दिवशी तिने दोर मोफोकाच्या हातात दिला. "तुमचाच बैल आहे, नताते, तुमचं ऐकेल." फात्स्वाने दुसऱ्याच फेरीत त्याच्या बुटावर पाय दिला. तिसऱ्या फेरीनंतर तो बांधावरच्या दगडावर बसला आणि बूट काढून अंगठा चोळायला लागला. मी दोर घेतला. आई पाणी प्यायला खाली गेली, तेव्हा त्याने मला हाक मारली.

"पोरी, खरं सांग. हा बैल कुणाचा?"

"आधी तुम्ही सांगा."

त्याने खाली शेताकडे बघितलं. "माझा बाप शिंपी होता. कारखान्यात पँटींना खिसे लावायचा. आमच्याकडे कधी शेळी पण नव्हती."

मी त्याला माझं सांगितलं. मग सुनावलं की कापायला न्यायची तुमची तयारी होती, निदान बापाचा नाही एवढं तरी म्हणायचं होतं. तो म्हणाला, "दोनशे माणसं बघत होती. समोरून कुणी काही दिलं तर नाही म्हणायची आमच्या धंद्यात सवय नसते."

मला राग यायला हवा होता, आणि आलाच. मी म्हणाले, मग चला, मोरेनासमोर जाऊन हेच बोला. तुम्ही तुमचं बोला, मी माझं बोलते, गावाने काय हसायचं ते हसू दे. बैल आमच्या नावावर परत आला पाहिजे. बूट पायात घालून तो खरंच उठला. लंगडत लंगडत माझ्याबरोबर चढायला लागला. मला तो त्या वेळी जवळजवळ आवडला.

चढणीच्या मध्यावर एक मोठा खडक आहे. अख्ख्या गावात फोन फक्त तिथे लागतो. आम्ही तिथे पोचलो आणि त्याच्या खिशात एकामागून एक निरोप वाजायला लागले. त्याने एक फोन लावला. बराच वेळ तो नुसता हं, हं म्हणत होता. मग त्याने मफलर गळ्यातून काढला, घडी केली आणि खिशात घातला. नव्या सरकारला दोन मतं कमी पडत होती.

"चला, मोरेना बसली असेल," मी म्हणाले.

"आता ते बोलता येणार नाही, लिसेबो." तो पँटवरची माती झटकत होता. "मला जनावरांचं खातं देतायत. ज्याच्याकडे एक बैल पण नाही त्याला ते कोण देईल?"

"मग फात्स्वा?"

"राहू दे तुमच्याकडे. नांगरा." मग म्हणाला, "दगड पुढच्या वर्षी बसवू."

दुपारी पांढरी गाडी परत आली. तोच ड्रायव्हर, त्याने उतरून दार उघडलं. मोरेना पर्ससकट निरोप द्यायला खाली आली आणि चिठ्ठी केव्हाही मिळेल म्हणाली.

आमचं शेत त्या आठवड्यात नांगरून झालं. मका पण बरा उगवला. मका घोट्याएवढा झाला तेव्हा खात्याचा माणूस जनावरांना सुया टोचायला आला. एकेका जनावराच्या मालकाचं नाव तो विचारत होता. फात्स्वाजवळ आल्यावर मी तोंड उघडलं, आमचा म्हणून सांगायचं असं मी रात्रभर घोकलं होतं. पण आई माझ्या आधी बोलली.

"मंत्र्यांचा," ती म्हणाली, त्याच्या डोळ्यांत बघून, एकदम सरळ आवाजात.

त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली, सुई पुसून घेतली आणि फात्स्वाला अगदी हळू टोचली. दुसऱ्या बैलाला त्याने चालता चालताच टोचलं. आई पुढे होऊन दोघांना हाकत गोठ्यात घेऊन गेली. तिथे बायकांनी जायचं नसतं, पण त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही.