काकूंचं पान

उदयने केलेली वेबसाइट आश्लेषाला पहिल्यापासून पसंत नव्हती. वर गोल गोल फिरणारा गणपती, दोन्ही बाजूंना झेंडूची तोरणं, लाल-पिवळी लुकलुकणारी 'वेलकम'ची अक्षरं, आणि तळाला किती जण येऊन गेले त्याचा आकडा. तो आकडा उदय स्वतःच दिवसातून वीस वेळा साइट उघडून वाढवायचा. नागपूरचा मोकळा माणूस तो. लग्नाच्या मांडवासारखं भरगच्च दिसलं की झालं, असं त्याचं मत.

दोघंही ग्लासगोला एमएससी करायला आलेले. साल दोन हजार तीन. चाळीसेक वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलांत नोकरीला आलेल्या भारतीय डॉक्टरांच्या आठवणी जमवून वेबसाइटवर मांडायच्या, असा दोघांचा मिळून प्रोजेक्ट. कल्पना आश्लेषाची, कारण तिच्या माहितीत अनुराधाकाकू होत्या. तिच्या आईच्या लांबच्या नात्यातल्या. त्यांचे यजमान डॉक्टर पद्माकर दोन वर्षांपूर्वी गेले, आणि काकू ग्लासगोजवळच्या पेझली गावातल्या घरात एकट्या राहत होत्या. दर रविवारी आश्लेषा तिकडे जेवायला जायची आणि सोमवार-मंगळवारचा डबा घेऊन यायची. डबा धुऊन परत आण, एवढीच काकूंची अट.

डॉक्टरांबद्दल तुम्हीच लिहा, असा हट्ट तिनेच धरला होता. काकू म्हणाल्या, माझं इंग्लिश दुकानातलं, ते काय वेबसाइटवर टाकायचं? त्यावर आश्लेषा मोठ्या तोऱ्यात म्हणाली, मराठीत लिहा, मी वाचेन आणि साइटवर लावेनही. झालं. काकूंनी पुण्याहून भाच्याकडून मराठी फॉन्टची सीडी मागवली आणि परगावी राहणाऱ्या मुलाच्या जुन्या, इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने, तीन आठवडे खपून, चार पानं टाइप केली. पानांची फ्लॉपी पोस्टाने आली त्या दिवशी आश्लेषाची एक असाइनमेंट द्यायची होती. तिने पानं न वाचताच साइटवर चढवली आणि फोन करून सांगितलं, काकू, मस्त झालंय.

आता त्या काळच्या फॉन्टची गंमत अशी, की तो ज्या कॉम्प्युटरवर असेल तिथेच मराठी दिसायचं. नसेल तिथे नुसता इंग्लिश अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. फेब्रुवारीत सगळ्या वर्गासमोर प्रोजेक्ट बघताना शिकवणाऱ्या बाईंनी नेमकं काकूंचं पान उघडलं आणि मोठ्या पडद्यावर तो काला पसरला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी शांतपणे विचारलं, ही काही चूक झाली आहे का?

ही आमची भाषा आहे, इथे फॉन्ट नाही म्हणून अशी दिसतेय, एवढंच तर सांगायचं होतं. पण वर तो गणपती फिरतोय, बाजूला तोरणं, मागे हसणं. आश्लेषाचे कान तापले. ती म्हणून गेली, हो, चूक आहे, दुरुस्त करतो. बाईंनी मान डोलावली. पसारा कमी करा, स्वच्छ करा, बघणाऱ्याला आत यावंसं वाटलं पाहिजे, म्हणाल्या. बाई काही वाईट बोलल्या नव्हत्या. वाईट आश्लेषा बोलली होती, आणि ते तिला खोलीवर पोचेपर्यंत कळलंही होतं. पण कळून उपयोग काय, जर माणूस कळल्यासारखं वागणारच नसेल!

आठवडाभरात तिने साइट पार बदलली. पांढरी पार्श्वभूमी, फिकट निळी पट्टी, तीनच बटणं, डॉक्टरांचे जुने काळे-पांढरे फोटो. गणपती गेला, तोरणं गेली. उदय कुरकुरला की अगं, हॉस्पिटलसारखी दिसतेय, तर ती म्हणाली, हॉस्पिटलवाल्यांचीच आहे. राहता राहिलं काकूंचं पान. फॉन्ट नसला तरी दिसावं म्हणून ते चित्र करून लावता आलं असतं, फार तर दोन तासांचं काम. पण त्या निळ्या-पांढऱ्यात मराठीची चार भरगच्च पानं तिला खुपायला लागली. तिने तिथे इंग्लिशच्या तीन ओळी लिहिल्या आणि पानं काढून टाकली. उदयने विचारलं, तर नंतर टाकू म्हणाली. ते नंतर काही आलं नाही. रविवारचं जेवण मात्र चुकलं नाही.

मे महिन्यात शेवटचं सादरीकरण होतं. पाहुणे आणले तरी चालतील असं बाईंनी कळवलं होतं. आश्लेषा काकूंना काही बोलली नाही. उदयने भाबडेपणाने फोन केला, आणि काकू रेशमी साडीवर कोट चढवून, वर्गासाठी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन ट्रेनने हजर. पहिल्या रांगेत बसल्या आणि चष्मा पुसून तयार झाल्या.

साइट सगळ्यांना आवडली. किती नेटकी, किती प्रसन्न, बाई म्हणाल्या. पडद्यावर डॉक्टर पद्माकरांचा फोटो आला तेव्हा काकू खुर्चीत सरसावून बसल्या. तीन ओळी आल्या. मग पुढचे डॉक्टर आले.

शेवटी बाईंनी पाहुण्यांना विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे? काकू उठल्या. आधी मुलांचं कौतुक केलं. मग त्यांच्या त्या दुकानातल्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, की मीही थोडं लिहून पाठवलं होतं, पण माझ्या हातून कुठलं तरी चुकीचं बटण दाबलं गेलं असणार, ते यांना मिळालंच नाही. मला कॉम्प्युटर येत नाही. चूक माझी आहे, कृपा करून मुलांचे मार्क कापू नका.

उदय बुटांकडे बघायला लागला. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं आश्लेषाला झालं. गप्प राहिली असती तर निभावलं असतं. काकूंनी सगळं स्वतःवर घेतलंच होतं, मार्कही मिळाले असते. पण रविवारी पुन्हा त्या टेबलाशी बसून त्यांच्या हातची भाकरी कशी घशाखाली उतरणार होती?

"काकू, तुमचं सगळं पोचलं होतं," ती म्हणाली. "मी काढून टाकलं."

मग तिने बाईंनाही सगळं सांगितलं. फेब्रुवारीत दिसली ती चूक नव्हती, ती आमची भाषा होती, मी खोटं बोलले.

काकू तिच्याकडे बघत होत्या. रागाने बघत असत्या तर परवडलं असतं.

"का गं? वाईट झालं होतं का?"

"माहीत नाही, काकू. मी वाचलंच नाही."

काकूंनी पर्स उघडली. आत घडी घातलेले चार कागद होते, घरच्या प्रिंटरवर काढलेले, स्वच्छ मराठीत. ते त्यांनी पुढे केले.

"मग आता वाच."

"इथे? इथे कुणाला कळणार आहे?"

"तुला कळेल ना."

बाई खुर्ची ओढून बसल्या. आश्लेषाने वाचायला सुरुवात केली. पहिल्या थंडीत दोघांत मिळून एकच जाड कोट होता. डॉक्टर रात्रपाळीला तो घालून जायचे आणि सकाळी ते परत आले की तोच कोट चढवून काकू बाजाराला निघायच्या. खिशात डॉक्टरांनी ठेवलेली चिठ्ठी असायची, त्या दिवशी दुकानात काय नि कसं मागायचं त्याची इंग्लिश वाक्यं, मराठी अक्षरांत लिहिलेली. दुकानदार हसायचा. एकदा काकू घरी येऊन रडल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हसू दे, कांदे मिळाले ना? काकूंचं सगळं इंग्लिश त्या खिशातून आलेलं. डॉक्टर गेल्यावरही काकूंनी एकदा तो खिसा चाचपून बघितला होता.

चौथ्या पानाच्या शेवटाला आश्लेषा थांबली. संपलं असं समजून कुणीतरी टाळी वाजवली.

"दोन ओळी राहिल्यात," काकू म्हणाल्या.

"काकू, नको."

"वाच. तुझ्याचसाठी लिहिल्यात."

तिने वाचल्या. "हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण इंग्लिशमध्ये सांगता येत नव्हतं आणि मराठीत ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. आमची आश्लेषा म्हणाली, मराठीत लिहा, मी वाचेन."