दुसऱ्यांच्या नावाने लिहिणारी

मुलांनो, एक टेबल डोळ्यांसमोर आणा. फार मोठं नको, चार माणसं कोपराला कोपर लावून बसतील एवढंच. त्याच्या एका अर्ध्या भागावर ताटं आणि पाण्याचा जग. दुसऱ्या अर्ध्यावर लॅपटॉप, तीन पेनं आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. आता त्या टेबलाशी एक मामा बसवा. सकाळची वेळ, हातात चहाचा कप, आणि कप ठेवला तो नेमका कागदांवर. बसला? छान. आता ऐका तो काय म्हणतोय ते.

"ताई, संध्याकाळपर्यंत कळव. साहेबांना मी शब्द दिलाय."

"माझ्या वतीने तू शब्द दिलास?" ताईने कप उचलून पलीकडे ठेवला.

"मग काय करू? आमच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायचे, नोंद करायची, पाच वाजता घरी. डोक्याला ताप नाही. हे तुझं काय चाललंय? लोक विचारतात, तुझी बहीण काय करते? मी म्हणतो, लिहिते. म्हणतात, काय लिहिते? तिथे माझी दातखीळ बसते."

कोपऱ्यात ताईची मुलगी एका पायावर गिरक्या घेत होती. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. शाळेला सुट्टी होती, म्हणजे दिवसभर घरात वारा सुटणार होता.

"मामा, आई दुकानांसाठी गोष्टी लिहिते," ती फिरता फिरता म्हणाली.

तुम्हालाही मामासारखा प्रश्न पडला असेल, म्हणून सांगतो. एखाद्याला बूट विकायचे आहेत. तो रस्त्यात उभा राहून "घ्या हो घ्या" असं ओरडू शकतो. किंवा तुमच्या उपयोगाचं काहीतरी नीट समजावून सांगू शकतो: बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजलेले असतात. मग तुम्ही मनाशी म्हणता, हा माणूस बरा दिसतो, जाऊ याच्याकडे. अशा लिहिण्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात. बूटवाल्याला बूट कळतात, लिहिता येतंच असं नाही. म्हणून ते ताई लिहायची. नाव मात्र बूटवाल्याचं.

बूटवाले ताईचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. होतं. मागच्याच आठवड्यात त्यांचा फोन आला होता. पुतण्या आता कॉम्प्युटरकडूनच लेख लिहून घेतो, एका मिनिटात होतो, तेव्हा आता गरज नाही. आणि उरलेली दोन लहान गिऱ्हाइकं घर चालवायला पुरणारी नव्हती. घरात तर मायलेकी दोघीच.

"बरं," ताई म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत एक चांगलं गिऱ्हाईक आणते. नाही मिळालं, तर उद्यापासून तुझ्या ऑफिसात येते. मग बोलणार नाही काही."

"खरंच?" मामा इतका खूश झाला की चहा संपवायचंच विसरला.

"दिलेला शब्द मी मोडलाय कधी?"

तिने लॅपटॉप बंद केला, पर्स खांद्याला लावली, भिंगरीचा हात धरला आणि निघाली.

बाजाराच्या रस्त्यावर एक बॅगांचं दुकान होतं. पुढे विक्री, मागे कारखाना. ताई लगेच मालकाला भेटायला गेली नाही. तिची एक पद्धत होती. आधी दुकानात उभं राहायचं आणि गिऱ्हाइकं काय विचारतात ते ऐकायचं. लोक जे परत परत विचारतात, त्याचं उत्तर कुणीतरी लिहायला हवं असतं. त्या दिवशी जो येई तो विचारी, "चेन टिकेल ना हो?" आणि दुकानातला माणूस प्रत्येकाला म्हणे, "एकदम भारी आहे." गिऱ्हाइकाचं तोंड पडे. भारी म्हणजे काय, हे कुणाला कळतंय?

मग त्या दोघी मागे गेल्या. चार शिलाई मशिनी खडखडत होत्या. मालक जाड कापडावर खडूने रेघा मारत होते.

"मी दुकानांसाठी लिहिते," ताई म्हणाली. "तुमच्या पुढच्या दुकानात लोक चेनबद्दल विचारतात आणि समाधान न होता जातात. त्यावर लिहायला पाहिजे. चेन बिघडते कशाने, दुरुस्त कशी करायची, तुम्ही कोणती वापरता आणि का."

मालकांनी खडू कानावर ठेवला. "अहो, हे तर माझ्या मनातलंच बोललात! थांबा, मला कसं हवंय ते दाखवतो." त्यांनी फोन काढला. "हे बघा. बूटवाले आहेत एक. काय लिहितो माणूस! ऐका. 'माझ्या नातीचा उजवा पाय डाव्याहून मोठा आहे. हे मला कधी कळलं? तिच्या अंगठ्याला फोड आला तेव्हा. मी जन्मभर बूट विकले आणि घरातलाच पाय मोजला नाही.' वाचलं आणि मी त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांचे पाय मोजले. असं पाहिजे मला. येतं का तुम्हाला असं लिहायला?"

मुलांनो, बूटवाल्यांना नातच नव्हती. तो पाय भिंगरीचा होता. तो फोडही तिचाच. जेवायच्या टेबलावर पाय ठेवून आईने तो पट्टीने मोजला होता आणि त्याच दुपारी तो लेख लिहिला होता.

भिंगरीने हा एवढा मोठा श्वास घेतला. आईचा हात तिच्या खांद्यावर आला. दाबला नाही, नुसता आला. भिंगरीने तो श्वास तसाच आत ठेवला. गाल मात्र फुगले.

"येतं," ताई म्हणाली.

"मग दाखवा की, आधी कुणासाठी लिहिलंय."

"ते दाखवता येत नाही. माझं काम ज्याच्या त्याच्या नावाने छापतात. कुणासाठी लिहिलं हे सांगायचं नाही, असं ठरलेलं असतं."

"म्हणजे मी नुसत्या तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा?" मालक हसले. "असं करा मॅडम. पाच लेख लिहून आणा. मी छापून बघतो. लोकांना आवडले तर पुढचं बोलू."

"आणि त्या पाचांचे पैसे?"

"तो नमुना झाला ना! नमुन्याचे कसले पैसे?"

"तुम्ही गिऱ्हाइकाला पाच बॅगा देता का नमुना म्हणून? वापरा, फिरवा, आवडल्या तर पुढचं बोलू?"

शेवटच्या मशिनीवरचा कारागीर खुसकन हसला. मालकांनी त्याच्याकडे बघितलं तशी मशीन जोरात धावायला लागली.

"एक लेख लिहिते," ताई म्हणाली. "आत्ता, इथे बसून. आवडला तर त्याचे पैसे द्या आणि छापा. नाही आवडला तर पैसेही नकोत, पण छापायचाही नाही. फाडून टाकायचा."

"बाजारात पाच पाच फुकट लिहून देणारे पडलेत, मॅडम."

"असतील. मग त्यांच्याकडून बूटवाल्यांसारखं लिहून घ्या."

मालकांनी कानावरचा खडू परत हातात घेतला. बोलणं संपलं.

रस्त्यावर आल्याबरोबर भिंगरीच्या गालांतला वारा सुटला. "आई! तो माझा पाय होता! तू सांगितलं का नाहीस? एक वाक्य सांगायचं फक्त!"

"पाय तुझाच आहे. लेख मी त्यांना विकलाय."

"पण त्यांनी तुला काढून टाकलं!"

"त्यांनी काम काढून घेतलं. शब्द माझा होता, तो माझ्याकडेच आहे."

भिंगरीला हे अजिबात पटलं नाही. तुम्हालाही पटलं नसेल. नसू दे. पण तिने बघितलं, की आईची मान ताठच होती.

त्यानंतर त्या पुष्कळ फिरल्या. चष्मेवाल्यांना वेळ नव्हता. गाद्यावाले म्हणाले, आमच्याकडे भाचा आहे. रंगाच्या दुकानात मालक बाहेरगावी गेलेला. दातांच्या डॉक्टरांनी फार आदराने ऐकून घेतलं आणि कार्ड ठेवून जा म्हणाले. मामाचा फोन आला.

"काय मग, ताई? कळवू ना साहेबांना?"

"अजून संध्याकाळ झालेली नाही," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

पण ऊन भिंतींवर चढलं होतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर ताई बसली. चप्पल काढून तिने टाच दाबली. मग म्हणाली, "चल, घरी जाऊ या."

भिंगरीने आईला असं कधी बघितलं नव्हतं. आई दमायची, चिडायची, पण 'चल घरी' हे शब्द आज पहिल्यांदाच इतके हळू आले होते.

शेजारी कुलपांचं दुकान होतं. छोटंसं, भिंतभर किल्ल्या टांगलेल्या. आत एक पांढऱ्या मिश्यांचे काका कानशीने किल्ली घासत होते.

"आलेच," म्हणून भिंगरी आत गेली. काउंटर तिच्या नाकापर्यंत येत होता. ती चवड्यांवर उभी राहिली.

"काका, तुमच्या दुकानाबद्दल लिहिणारं कुणी आहे का?"

काकांनी कानस थांबवली. "नाही बुवा. का गं?"

"माझी आई लिहिते. चांगलं लिहिते. आधी कुणाकुणाचं लिहिलं ते सांगणार नाही, आणि फुकट नमुना देणार नाही."

"अरे वा! मग देणार काय?"

"एक लेख. तुमच्यासमोर बसून. आवडला तर पैसे द्यायचे, नाही तर फाडायचा."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. मिशीत हसू होतं की नव्हतं, ते कळत नव्हतं.

"परवाच एक बाई विचारत होत्या," ते म्हणाले, "किल्ली हरवली तर कुलूपच बदलायचं का? मला काही धड सांगता आलं नाही. बोलव बघू तुझ्या आईला."

भिंगरी जागची हलली नाही.

"ती सकाळपासून चालते आहे," ती म्हणाली. "तुम्हीच या."

आणि काका हो म्हणतात की नाही याची वाट न बघता तिने काउंटरजवळचं लाकडी स्टूल दोन्ही हातांनी उचललं, पोटाशी धरून धडपडत बाहेर नेलं, आणि पायरीवर बसलेल्या आईच्या बरोब्बर समोर ठेवलं.