तिच्या तोंडचं वाक्य

खाली गाडीचा हॉर्न वाजला, तसा तो बुटाची नाडी अर्धवट सोडून खिडकीशी धावला. ड्रायव्हर मान वर करून ओरडला, "बाई तयार आहेत का?"

"आम्ही दोघंही तयार आहोत," तो म्हणाला.

"हो का? मला बाईंचंच सांगितलं होतं. पण या की तुम्हीही, पुढं जागा आहे."

पुढं जागा आहे! एके काळी हाच हॉर्न त्याच्यासाठी वाजायचा. तो परराष्ट्र खात्यात दुभाषा होता, उत्तरेकडच्या बलाढ्य देशाच्या भाषेचा. त्या देशाशी लष्करी करार होता. त्याची लढाऊ जहाजं इथल्या बंदरात उभी असत आणि त्याचे सेनापती आले की याच्याशिवाय पान हलत नसे. बायको पूर्वेकडच्या देशाची भाषा शिकत होती, तेव्हा त्या भाषेला कुत्रं विचारत नव्हतं. "ती शिकून काय चंद्रावर मुलाखती घेणार आहेस?" असं तो पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि तीही हसायची. मग वारं फिरलं. सरकारने बंदर मोठं करायला पूर्वेकडून कर्ज घेतलं. कर्जामागून इंजिनिअर आले, इंजिनिअरांमागून मंत्री आले आणि मंत्र्यांमागून बायकोसाठी गाडी आली.

गाडीत ती मागे बसून कोमट पाणी पीत होती आणि ओठातल्या ओठात काही म्हणत होती.

"काय पुटपुटतेस?"

"शब्द घोळवतेय जिभेवर. दोन्हीकडचे येणार आज, माझी तर छाती धडधडतेय."

"आम्ही नाही बुवा कधी घोळवले."

"अहो, तुमची भाषा शहाण्या लेकरासारखी. हाक मारली की येते. माझी हट्टी आहे, मेली. पाया पडावं लागतं."

ड्रायव्हर हसला. नवरा हसला नाही. तिचा हा गोडवाच त्याला डाचायचा. फणकारली असती तर त्यालाही चार शब्द सुनावता आले असते. मागे एका मेजवानीत तिला पूर्वेकडच्या राजदूताशी बोलताना त्याने पाहिलं होतं. मान मागे टाकून, गळा मोकळा करून ती हसत होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत घरच्या भाषेत ते हसू कधी उमललं नव्हतं. तो त्या राजदूतावर जळत नव्हता. तो भाषेवर जळत होता. माणूस असता तर दोन हात केले असते, भाषेची कॉलर कुठे धरायची?

खात्याच्या दारातच साहेबांनी त्याला बाजूला घेतलं.

"मास्तर, खरं सांगू? आज उत्तरवाले काय म्हणतात त्यावर तुमचं आहे. राहिले तर तुमची खुर्ची राहिली. गेले तर… तळघरात जुनी कागदपत्रं पडलीत की ढिगानं. बसा लावत."

"आणि बाईंचं?"

"बाईंचं काय! बाईंना आता मरायला फुरसत नाही." साहेब स्वतःच्याच विनोदावर खूश झाले.

बैठकीची रीत अशी होती. पूर्वेकडचा राजदूत बोलला की ती ते इथल्या भाषेत मोठ्याने सांगे. तिचं वाक्य पुरं झालं की तो ते उचलून उत्तरेकडच्या भाषेत नेई. उत्तरवाले बोलले की उलटं. दोन देशांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. दोघांचा सगळा रुसवा-दरारा या नवरा-बायकोच्या तोंडून ये-जा करत होता. सकाळभर तो तिच्या वाक्याच्या वाटेवर बसून होता. आणि तिचं वाक्य निवडलेल्या तांदळासारखं येत होतं. तो खडा शोधायला टपला होता. एकही सापडला नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

"कर्जाची मुदत आम्ही वाढवून देऊ," राजदूताचं म्हणणं तिने संथ आवाजात सांगितलं. "पण आमच्या पैशाने बांधलेल्या बंदरात दुसऱ्या कुणाची लढाऊ जहाजं आम्हाला नकोत."

इथल्या मंत्र्यांनी मान खाली घातली. त्याने ते वाक्य पलीकडे पोहोचवलं. उत्तरेकडच्या म्हाताऱ्या सेनापतीने चष्मा काढला, काचा पुसल्या आणि तो थोडंसंच बोलला.

त्या दालनात उत्तरवाले सोडले तर आता ते एकट्या त्यालाच कळलं होतं. जहाजं जाणार होती.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, ज्याचं बोलायचं त्याचा 'मी' आपल्या तोंडात घ्यायचा असतो. म्हणजे आपली खुर्ची आपणच, आपल्याच तोंडाने उचलून द्यायची. एक शब्द घुसडला तर? जाण्याचा 'विचार' आहे, एवढंच म्हटलं तर? इथे पडताळायला कोण होतं? काही दिवस सहज निघाले असते. आणि खोटं उघड झालं असतं तेव्हा पूर्वेकडचे आधी विचारणार होते, आम्हाला चुकीचं कुणी सांगितलं? बाईंनी. मग बाईंसाठी हॉर्न वाजला नसता. या कल्पनेने त्याला आत कुठेतरी गार वाटलं, उन्हात तापलेल्याला सावली लागावी तसं. आणि त्या गारव्याचीच त्याला भीती वाटली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. पेन्सिल टेकवून ती थांबली होती, डोळे मिटून. सकाळभर ती इतरांचं ऐकताना त्यांच्या ओठांवरून नजर हलू देत नव्हती, डोळ्यांत तेल घालून बसली होती. त्याची पाळी आली की मात्र पापण्या मिटून घेई. उशीवर डोकं टेकावं तशी ती त्याच्या आवाजावर टेकलेली होती.

"आमची जहाजं हिवाळ्याआधी या बंदरातून जातील," तो म्हणाला. "करार आम्ही पुढे चालवणार नाही. ही धमकी नाही. हा आमचा निर्णय आहे."

तिने डोळे उघडले. क्षणभर ती दुभाषी नव्हती, त्याची बायको होती. मग तिने श्वास घेतला आणि ते वाक्य पुढे नेलं.

बैठक उठली. मंत्री राजदूताला घेऊन गेले, त्यांच्यामागे फायली गेल्या. म्हातारा सेनापती जाता जाता त्याच्यापाशी थांबला आणि हलक्या आवाजात काही बोलून निघून गेला.

व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. बोलून बोलून तिचा घसा पार बसला होता.

"काय म्हणाला हो तो तुम्हाला?"

"काही नाही. नेहमीचंच."

तो चार पावलं पुढे गेला. ते बोलणं त्याच्या जिभेवर निखाऱ्यासारखं बसलं होतं, धड थुंकता येईना, धड गिळता येईना. शेवटी तो मागे वळला.

"म्हणाला, 'आज मला प्रत्येक वाक्य स्वच्छ मिळालं. म्हणजे त्या बाईंकडून तुम्हाला ते स्वच्छ मिळत असणार. एवढ्या चिखलातून त्यांनी पाणी नितळ आणलं. माझ्या वतीनं त्यांना सांगा.'"

"मी तुमची कोण ते ठाऊक होतं त्याला?"

"नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"तो माझं विचारत नव्हता गं. तुझं सांगत होता."

तिने पदराने कपाळ टिपलं. तळघराचं तिला कुणी सांगितलं असावं, किंवा जहाजं जाण्याचं वाक्य ऐकतानाच त्याची खुर्ची गेल्याचं तिने ओळखलं असावं. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, पुन्हा एकदा सांगा ना. त्याच्या भाषेत. तो म्हणाला तसं."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"कळू दे नाहीतर न कळू दे. सांगा."

त्याने आजूबाजूला पाहिलं, कोटाची बटणं लावली आणि सरळ उभं राहून उत्तरेकडच्या भाषेत ते सगळं पहिल्यापासून सांगितलं. एक शब्द गाळला नाही. झाडूवाली केर काढत तिथवर आली होती. तिला त्यातलं अवाक्षर कळलं नाही, तरी त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत ती झाडू हातात धरून थांबून राहिली.