पातळ थर

मलेरियासाठी रक्ताचे दोन थर काचेवर घेतात. जाड थरात परजीवी आहे की नाही ते पटकन कळतं. तो कुठल्या जातीचा, हे पातळ थरात. प्रयोगशाळेतल्या जुन्या तंत्रज्ञाला सगळे मास्तर म्हणत. जाड थर पाहूनच अंदाजाने जात लिहून टाकायची आणि पातळ थर दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर बघायचा, ही त्यांची तीस वर्षांची सवय. अंदाज सहसा चुकत नसे.

त्या सकाळी चुकला. काल ज्या वेल्डरला त्यांनी गोळ्यांवर बरा होणारा मलेरिया लिहून दिला होता, त्याच्या पातळ थरात चंद्रकोरीसारखे वाकलेले परजीवी दिसले. ही मेंदूवर जाणारी जात. वॉर्डातला फोन कुणी उचलेना. त्यांनी चिठ्ठी लिहिली: 'कालचा रिपोर्ट चूक. फॅल्सिपेरम आहे. इंजेक्शन ताबडतोब.' सही राहिली होती, तेवढ्यात दार लाथेने उघडलं.

वेल्डरचा थोरला भाऊ होता, हातात सलाइनच्या स्टँडचा दांडा. वर वॉर्डात धाकट्याला झटके येत होते आणि नर्स सांगत होती, रिपोर्ट साधाच आहे. पहिल्या फटक्यात सूक्ष्मदर्शक खाली पडला. दुसरा मास्तरांच्या खांद्यावर बसला. बाटल्या फुटून जांभळा रंग टेबलावर पसरला. चिठ्ठी भिजू नये म्हणून मास्तरांनी तिच्यावर उजवा पंजा दाबला. तिसरा फटका पंजावर आला. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही ऐकू गेला.

मास्तरांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

"मार बाबा, हवं तेवढं मार. पण आधी ही डॉक्टरांना दे. भाऊ वाचेल तुझा."

तो धावत गेला. बाई म्हणाल्या, हे हात दाखवून अवलक्षण झालं. वर चिठ्ठी वाचली की तो परत येईल, मागच्या दाराने निघा. मास्तर हलले नाहीत. डॉक्टर खात्री करायला फोन करणार, तो उचलायला कुणीतरी हवं.

फोन आला.

"हो, चूक माझीच. सुरू करा."

रिसिव्हर खाली ठेवेपर्यंत थोरला दारात होता.

पोलिसांना दिलेल्या जबाबात मास्तरांनी आधी पातळ थराचं लिहायला लावलं, मग मोडलेल्या दोन बरगड्यांचं. धाकटा तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला आणि दादा कुठे म्हणून विचारू लागला. दादा कोठडीत होता.