लोदीचा नकार

मिलादची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा त्याच्या आईने आधी स्वतःचं पुढे केलं. डॉक्टरांनी तिची साखर बघितली आणि नको म्हणाले. मग तिने मुलीला धरलं. धरलं म्हणजे विचारलं वगैरे नाही. भांडी घासता घासता नुसतं म्हणाली, "लोदी, सोमवारी दुकानात जाऊ नकोस. तपासणीला जायचंय."

लोदी चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, लेबनॉनमधल्या झाहलेच्या बाजारात पडदे शिवायच्या दुकानात कामाला. मिलाद तिच्याहून धाकटा. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचा, बायको आणि दोन लहान मुली. तरी आईला सगळं गाव उम्म मिलाद, मिलादची आई, म्हणूनच हाक मारी. मुलगी थोरली असली म्हणून तिच्या नावाने आईला कोण ओळखतं?

इस्पितळ मठातल्या सिस्टरांचं होतं. सिस्टर वदिया तिथे तरुणपणी परिचारिका म्हणून आल्या, आणि गुडघे गेल्यापासून रुग्णांपाशी बसणं, घरच्यांशी बोलणं, ज्याला हवी त्याच्यासोबत प्रार्थना करणं एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. एवढंच म्हणायचं, पण दिवस पुरत नसे. कुणी अवयव देणार असेल तर त्याला मंजुरी द्यायला एक समिती बसे. त्या समितीतही त्या होत्या. देणाऱ्याला एकट्याने भेटून त्याच्या मनाची खात्री करून घेणं हे काम त्यांचं.

लोदी आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि टेबलावरच्या कापडाची शिवण बोटाने चाचपत राहिली.

"सगळं जुळलंय म्हणे," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने. तिला प्रयोगशाळेतल्या पोरीने सांगितलं. आमच्या मावशीच्या सुनेची बहीण ती. आई काल गल्लीत बडीशेपेच्या गोळ्या वाटत होती."

सिस्टरांनी त्या पोरीचं नाव मनात टिपून ठेवलं. मग विचारलं, "तुला द्यायचंय का?"

लोदीचं बोट शिवणीवर थांबलं.

"नाही," ती म्हणाली. "का, ते विचारू नका. सांगण्यासारखं कारण असतं तर आईलाच सांगितलं असतं. भीती वाटते. आणि नुसती भीतीही नाही. नाहीच द्यायचं मला." मग आवाज खाली आणून, "पाप लागेल?"

"नाही. मूत्रपिंड देणं हे दान आहे, आणि दान आपखुशीने असतं. दटावून घेतलेल्याला आपलं चर्चही दान म्हणत नाही."

"मग घरी काय सांगू?"

सिस्टर म्हणाल्या, "दोन दिवस थांब. तोवर काही बोलू नकोस."

डॉक्टर हातेम मूत्रपिंडांचे डॉक्टर, बआलबेकचे मुसलमान, सिस्टरांचे जुने सहकारी. त्यांना हे ऐकून फारसं नवल वाटलं नाही.

"दरवर्षी एखादी अशी येतेच," ते म्हणाले. "सोपं आहे. शेवटच्या तपासणीत रक्त जुळलं नाही म्हणून सांगतो. कुणाचं वाकडं होत नाही."

"खोटं आहे ते."

"भलं खोटं आहे."

"डॉक्टर, आज आपण त्यांच्या भल्यासाठी खोटं बोललो, तर उद्या त्याच बाईला आपण खरं सांगितलं तरी तिने का म्हणून ऐकावं?"

"मग खरं सांगा आणि पोरगी घराबाहेर पडलेली बघा. तुमचा धर्म तुम्हाला खोटं बोलू देत नाही, आणि तिची आई तिला जगू देणार नाही. मधे कुठे बसायचं ते तुम्हीच ठरवा."

सिस्टरांनी दोन दिवस डोकं चालवलं. समितीपुढे त्यांनी जे वाक्य ठेवलं त्यातला शब्दन् शब्द खरा होता: लोदीकडून मूत्रपिंड घेणं योग्य नाही असं समितीचं मत आहे, आणि समिती कारण कुणालाच सांगत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर हातेम तेवढे म्हणाले, "वकील व्हायचं होतंत तुम्ही." सिस्टरांना ते ऐकून थोडं बरंही वाटलं.

उम्म मिलादला बोलावून त्यांनी ते वाक्य सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि विचारलं, "योग्य नाही म्हणजे? काय झालंय माझ्या पोरीला?"

"कारण आम्ही सांगत नाही, उम्म मिलाद."

"म्हणजे झालंय काहीतरी."

"तसं मी म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंत, ते कळलं मला," उम्म मिलाद म्हणाली आणि उठून गेली.

तीनएक आठवड्यांनी लोदी पुन्हा सिस्टरांच्या खोलीत आली. गाल भरले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"सिस्टर, आई मला सकाळी उठवून काळीज खायला घालते. खाटकाकडून स्वतः आणते, कच्चं, पुदिना लावून. वर द्राक्षाची काकवी. रक्त वाढायला. हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं, तो म्हणाला ठणठणीत. तर म्हणते त्याला काय कळतंय, चल बैरूतला. शेजारणी संतांच्या दिव्याचं तेल आणून कपाळाला लावतात. आणि तो विधुर होता ना, ज्याची बहीण माझी चौकशी करत होती? ती आता पलीकडच्या फुटपाथने जाते."

सिस्टरांना हसू आलं, पण लोदी हसत नव्हती म्हणून त्यांनी ते आवरलं.

"आणि खरं सांगू?" लोदी म्हणाली. "जन्मात कधी तिने मला 'जेवलीस का' म्हणून विचारलं नव्हतं. आता रोज विचारते. कपाळाला हात लावून ताप बघते. मला तो हात आवडतो, सिस्टर. ती हात काढते तेव्हा वाटतं अजून जरा ठेवावा. आजारी नसताना मी तो घेतेय. चोरी केल्यासारखं वाटतं."

सिस्टर वदियांचं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी त्या वाक्यांनी त्या घरात एक अख्खं खोटं दुखणं उभं केलं होतं. डॉक्टरांचं खोटं रक्ताच्या नळीपाशी तरी थांबलं असतं.

"हे माझ्या शब्दांमुळे झालं," त्या म्हणाल्या. "मी येऊन तुझ्या आईशी बोलते."

"नको. तुम्ही आलात तर ती तुमच्यावर ओरडेल आणि मी पुन्हा तुमच्या आडोशाने सुटेन. माझं मीच बोलते."

पुढे काय झालं ते सिस्टरांना मिलादकडून कळलं. आठवड्यातून तीनदा तो रक्त शुद्ध करून घ्यायला येई, यंत्राला जोडून चार तास पडून राही. सिस्टर त्याच्याजवळ स्टूल ओढून बसल्या तेव्हा तो छताकडे बघत होता.

"रविवारी जेवताना सांगितलं तिने," तो म्हणाला. "आईने तिच्या ताटात मटणाचं किब्बे वाढलं, तर म्हणाली, आई, मला काही झालेलं नाही, मी नको म्हटलं म्हणून त्यांनी थांबवलं. आईने ताट उचललं. सरळ उचललं आणि मोरीत नेऊन ओतलं. म्हणाली, याच्या पोरी उघड्या पडल्या तर त्यांना काय सांगशील? लोदी म्हणाली, मी होते तशीच राहीन त्यांच्याजवळ, हे सांगेन. मग बॅग भरली. दुकानाच्या वर एक खोली आहे, तिथे राहतेय."

"तू काय म्हणालास?"

"मी काही म्हणालो नाही." यंत्र घरघरत होतं. तो हात हलवायला गेला आणि सुईची आठवण होऊन थांबला. "मला माहीत होतं, सिस्टर. तपासणीला जाताना गाडीत ती माझ्याकडे बघत नव्हती. लहानपणापासून ओळखतो ना तिला. मी म्हटलं, आपण विचारायचंच नाही. विचारलं तर ती सांगेल. एकदा ऑपरेशन झालं की जन्मभर तिला डोक्यावर घेऊन नाचू." मग तो म्हणाला, "तुम्ही प्रार्थना करा, मला माफी मिळावी म्हणून."

"करते. कबुली द्यायची असेल तर फादर गुरुवारी येतात, त्यांना पाठवते. पण लोदीने हे फादरांच्या आधी ऐकलं पाहिजे."

"ती तोंडावर दार आपटेल."

"आपटू दे. दाराबाहेरून सांग."

तो गेला. लोदीने दार आपटलं नाही, पण आत ये असंही लगेच म्हणाली नाही. जिन्यावर उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. मग पायऱ्या चढून त्याला दम लागला म्हणून तिने खुर्ची बाहेर आणली. एवढंच त्याने सिस्टरांना सांगितलं, आणि त्यांनीही जास्त विचारलं नाही.

उम्म मिलादला सिस्टर स्वतः जाऊन भेटल्या. तिने दार उघडलं, बसायला सांगितलं, आणि कॉफी टाकली नाही. झाहलेत पाहुण्याला याहून स्पष्ट सांगता येत नाही.

"तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत," ती म्हणाली.

"हो. सावध बोलायला गेले आणि तुम्हाला फसवलं. त्याचीच माफी मागायला आले."

उम्म मिलादला भांडायचं होतं. हे उत्तर तिच्या तयारीत नव्हतं. "तुम्हाला पोरं नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला काय कळणार? एक पोर मरतंय आणि दुसऱ्याकडे औषध आहे, तर आई काय करेल?"

"मागेल."

"मग मी काय वेगळं केलं?"

"मागितलं नाहीत, उम्म मिलाद. सोमवारी दुकानात जाऊ नकोस म्हणालात."

म्हातारी खिडकीकडे तोंड करून बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी टरबुजं विकत ओरडत होता.

"मिलादला साधा गॅस आणायला सांगितला तर दहा सबबी सांगतो," ती म्हणाली. "लोदी कधी नाही म्हणत नाही. म्हणून सगळं तिलाच सांगायची सवय लागली. ती कमी म्हणून नव्हे हो."

"हे तिला सांगितलंत कधी?"

"यात सांगायचं काय? घरच्या माणसाला सांगतात का असलं?"

सिस्टर उठल्या, तेव्हा उम्म मिलाद दारापर्यंत आली आणि बिजागरीकडे बघत म्हणाली, "तिची तब्येत खरंच चांगली आहे ना? का हेही तुमचं कसलं वाक्य आहे?"

"तिने तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. ती चांगली आहे."

उम्म मिलादने कपाळावर, छातीवर, खांद्यांवर बोटं टेकवून क्रूस काढला आणि दार लावून घेतलं.

मिलादचं नाव मूत्रपिंडासाठी वाट बघणाऱ्यांत घातलं गेलं. ती वाट लांब असते, आणि त्या उन्हाळ्यात ती संपली नाही. तो यंत्राला जोडून घेत राहिला. खिडक्यांची मापं आता त्याची बायको घेऊ लागली. लोदी खोलीवरच राहिली. शनिवारी भाच्यांना फिरायला न्यायची, रविवारी आईकडे जेवायला जायची. आई वाढायची, पण 'जेवलीस का' विचारणं बंद झालं होतं. ते मी मोजतेय असं नाही, लोदी एकदा सिस्टरांना म्हणाली, पण लक्षात येतं. ऑगस्टमध्ये मायलेकी दुकानात पडद्यांच्या कापडावरून कडाडून भांडल्या. लोदी पिवळं नको म्हणाली आणि आईने निळं घेतलं, तेव्हा दुकानातल्या बायका चकित झाल्या.

समितीने एक नियम बदलला: देणाऱ्याशी एकांतात बोलणं होईपर्यंत तपासणीचा निकाल घरच्यांना कळू द्यायचा नाही. प्रयोगशाळेतल्या पोरीला सिस्टरांनी बोलावून समज दिली. ती रडली आणि मग कामाला लागली. दुसरा नियम सिस्टरांनी स्वतःपुरता केला. समितीचं मत सांगायला जाण्याआधी त्या आता देणाऱ्याला विचारतात, "हे वाक्य तुझ्या आईने ऐकलं तर ती काय समजेल?"

डॉक्टर हातेम म्हणतात, एवढ्याने काम दुप्पट वाढलं. सिस्टर म्हणतात, वाढू दे.